अनसूयाबाईंचे मणके

डॉक्टर अनसूयाबाईंना कोणी वाकून नमस्कार केला, की आशीर्वाद द्यायच्या आधी त्या त्याची पाठ बघून घेत. वाकलेल्या माणसाच्या मणक्यांची ओळ कपड्यांतूनही कळते, आणि एवढी आयती समोर आलेली पाठ का सोडायची, असा त्यांचा सरळ विचार. नव्या सुनेने पाया पडावं आणि बाईंनी "सुखी राहा" म्हणायच्या ऐवजी तिच्या पाठीवरून अंगठा फिरवत विचारावं, "घागर नेहमी डाव्याच कमरेवर घेतेस ना गं?" सून बावरायची. सासू कौतुकाने म्हणायची, "बगा, हात लावला की कळतं त्यांना!" आणि दुसऱ्या दिवसापासून ती घागर उजव्या कमरेवर जायची.

मी वसईत चित्रकला शिक्षक म्हणून आलो ते देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत. होळी नावाच्या भागात, बाजारापासून जवळच एक खोली मिळाली. भिंतीपलीकडे बाईंचा दवाखाना. मी सामान लावत होतो तेव्हा दारात एक ठेंगणी, सावळी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई येऊन उभी राहिली. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर.

"चित्रं काढता म्हणे?"

"हो."

"फुलंपानंच, की हाडंही?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी काखेतला बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत सुतळीत ओवलेले माणसाच्या पाठीचे मणके होते. शिकत असताना विकत घेतलेला संच. हा डबा होळीत प्रसिद्ध होता. एका टांगेवाल्याने बाई आत पेशंट बघत असताना बिस्किटाच्या आशेने तो उघडला होता, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्याने बाईंना टांग्यात घेतलं नव्हतं.

"हा पहिला," त्यांनी एक हाड माझ्या तळहातावर ठेवलं. "नुसती कडी आहे बघा. यावर डोकं बसतं. आपण 'हो' म्हणतो तेव्हा डोकं याच्यावर पुढे-मागे होतं. आणि हा दुसरा. याला असा वर दात आहे. त्या दाताभोवती पहिला फिरतो, तेव्हा आपण 'नाही' म्हणतो. माणसाचं सगळं आयुष्य या दोन सांध्यांवर चालतं मास्तर. मला याचं मोठ्ठं चित्र हवं आहे. लांबून, चष्म्याशिवाय दिसेल एवढं."

मी आठवडाभर खपून सबंध कण्याचं चित्र काढलं. मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच आणि खाली जुळून गेलेले. बाईंनी ते भिंतीला टेकवलं, लांब गेल्या, जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. फक्त हा कमरेतला चौथा वांग्यासारखा झालाय. याच्यावर उद्या कोण उभं राहील?" मी तो पुन्हा काढला. तेव्हापासून आमची मैत्री झाली.

त्यांच्या वाकड्या खांद्याबद्दल मी कधी विचारलं नाही; त्यांनीच सांगितलं, पावाला लोणी लावता लावता. लहानपणापासून कण्याला बाक होता. वडील इथलेच बागायतदार. केळी आणि पानवेलीची वाडी. मुलगी बघायला पाहुणे आले. "मुलाच्या काकांनी मला चालायला सांगितलं. मग पुन्हा चालायला सांगितलं. मग म्हणाले, पाठमोरी चाल. मी पाठमोरी चालत चालत थेट स्वयंपाकघरात गेले ती बाहेर आलेच नाही." त्या हसून लाल झाल्या होत्या. "आत जाऊन वडिलांना निरोप पाठवला, की या लोकांपेक्षा माझी पाठ मीच नीट बघेन, मला शिकायला पाठवा. वडील भले माणूस. पाठवलं. पहिल्या वर्षी शरीररचनेच्या वर्गात कणा हातात आला आणि मला वाटलं, अरे, हे तर आपलंच घर."

त्यांची तपासण्याची पद्धत बघण्यासारखी होती. आधी चहाचा कप दोन्ही हातांत धरून हात गरम करायचे, कारण गार हात लागला की पाठीचे स्नायू आवळतात आणि मग आतलं काही कळत नाही. मग पेशंटला विचारायचं, "आज कालवण कसलं केलंय?" पेशंट खोबरं, चिंच, बोंबील यांत रमला की त्याची मान आपोआप सैल पडायची, आणि बाईंचे दोन अंगठे दोन शेजारच्या मणक्यांवर जाऊन बसायचे. एक हलकेच दाबायचा, दुसऱ्याने ऐकल्यासारखं थांबायचं. मी एकदा विचारलं, "यात नेमकं काय बघता?"

"किती हलतो ते नाही बघत मी. हलायलाच हवा. थांबतो कुठे ते बघते. चांगला सांधा हलतो आणि आपल्या जागी थांबतो. बिघडलेला सांधा हलतो आणि थांबायचं विसरतो. हलणं वेगळं, डळमळणं वेगळं." मग खिडकीबाहेर, वाडीतल्या विहिरीवर रहाट करकरत होता तिकडे हात करून म्हणाल्या, "त्या रहाटाच्या माळेकडे बघा. गाडगी सगळी सुटी सुटी हलतात, तरी एकही विहिरीत पडत नाही. का? दोर घट्ट आहे म्हणून. आपले मणकेही असेच दोरांनी बांधलेले असतात. हाड मोडलं तर जुळतं. दोर तुटला आणि कोणी ओढाताण केली, तर आतून जो मज्जारज्जू जातो तोच चिरडतो. मग हातपाय गेले."

पण दर दुखण्याचं मूळ मणक्यात नसतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाचूबंदरची जानकी मासेवाली एकदा मान धरून आली. मान उजवीकडे वळतच नव्हती.

"लय दुकते बाय. पानी पिताना पन दुकते. मोडली काय वो?"

बाईंनी हात गरम केले, कालवणाची चौकशी केली, सातही मणके चाचपले. सगळे शाबूत. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "जानके, बाजारात तू बसतेस तेव्हा तुझ्या उजव्या हाताला कोण बसतं?"

जानकीचं तोंड एकदम कडू झालं. "ती माजी जाव. तिचं त्वांड नाय बगनार मी. पापलेटावरनं भांडान झालं तवापासून."

"म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत तू डावीकडे तोंड करून बसतेस."

"मंग काय करू?"

"तिच्याशी बोल, नाहीतर जागा बदल. औषध नाही याच्यावर."

बोलणं जानकीला जमण्यासारखं नव्हतं. तिने जागा बदलली. जावेच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली. पंधरवड्यात तिची मान मोकळी झाली, आणि पुढच्या पंधरवड्यात तिची जाऊ मान धरून दवाखान्यात आली. बाईंनी मग दोघींना एकाच बाकावर शेजारी शेजारी बसवून ठेवलं आणि स्वतः मुद्दाम आत जाऊन चहा पीत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा दोघी बाईंनाच नावं ठेवत होत्या. एकमताने. "बघितलंत मास्तर," त्या मला म्हणाल्या, "दोन्ही माना वळल्या!"

एका गोष्टीत मात्र बाई कधी थट्टा करत नसत. मी यायच्या आधी एक माडावर चढणारा माणूस पडला होता. बिचारा शुद्धीवर होता, पाय हलवत होता. लोकांनी प्रेमाने त्याला काखेत हात घालून उठवून बसवलं, पाणी पाजलं, टांग्यात दुमडून घातला आणि बाईंकडे आणला. आणला तेव्हा पाय हलत नव्हते. ते पुन्हा हललेच नाहीत. बाई हे सांगताना माझ्याकडे न बघता डब्यातल्या मणक्यांची सुतळी बोटाला गुंडाळत होत्या. "पडल्यामुळे नाही गेले त्याचे पाय. उचलल्यामुळे गेले. आणि ज्यांनी उचललं त्यांच्यात त्याचा सख्खा भाऊ होता. त्याला मी हे कधी सांगितलं नाही."

दारूबंदी आल्यावर ताडीसाठी चढणारे कमी झाले. पण नारळ, सुपाऱ्या, ताडगोळे काही जमिनीवर लागत नाहीत. म्हणून बाईंनी ठरवलं, गावाला उचलायला शिकवायचं. माझं चित्र घेऊन त्या देवळासमोर बोलल्या, रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात बोलल्या. लोक चित्र बघून हळहळले आणि घरी गेले. तेव्हा बाई म्हणाल्या, "बोलून नाही भागणार. करून दाखवायला पाहिजे. कोणीतरी पडलं पाहिजे."

पडायला तयार झाले नारायणनाना. नाना म्हणजे आमच्या बाजूची सर्वांत मोठी वाडी, सर्वांत मोठा आवाज आणि सर्वांत ताठ मान. आधी त्यांनी या प्रकाराची भरपूर टिंगल केली होती. "आमच्या आज्यापणज्यांना उचलायला येत नव्हतं काय?" पण आपल्या वाडीत काही घडतंय आणि मधोमध दुसराच कोणी आहे, हे त्यांना सोसलं नसतं. नाना स्वतःच माडाखाली आडवे झाले.

बाईंनी माणसं उभी केली. "डोकं धरेल तो मालक. तो म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी एकदम वळवायचं, ओंडका वळवतात तसं. मान, पाठ, कंबर एका रेषेत. बसवायचं नाही. पाणी पाजायचं नाही. फळीवर घ्यायचं, आणि फळी नसेल तर घराचं दार काढायचं." नानांच्या गोठ्याचं दार काढून आणलं होतं. डोक्याच्या दोन्ही अंगांना मिठाच्या पिशव्या लावून कपाळावरून पंचा बांधला. नाना डोळे मिटून भारदस्तपणे पडून राहिले. सहा जणांनी दार उचललं आणि सराव म्हणून वाडीला एक फेरी मारायचं ठरलं.

फेरी नानांच्या घरासमोरून गेली. नानांच्या पत्नी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. दारावर निजलेले, डोळे मिटलेले, कपाळाला फडकं बांधलेले नाना आणि मागून मान खाली घालून चालणारी माणसं बघून त्यांनी सूप फेकलं आणि असा काही हंबरडा फोडला, की शेजारच्या वाड्यांतून बायका धावत आल्या. नाना तडक उठून बसले. "अगं, जिवंत आहे मी! जिवंत आहे!"

"झोपा!" बाई त्यांच्याहून मोठ्याने ओरडल्या. "उठलात? आता मेलात!"

दार धरणाऱ्यांच्या हातातली ताकद हसण्यात गेली. दार कसंबसं खाली टेकलं. त्या दिवशी तांदूळ सगळ्या अंगणात पसरले होते आणि बाया ते वेचता वेचता हसत होत्या. पण गावाला शिकवण पोचली ती तिथे. उत्तम भाषणाने जे झालं नव्हतं, ते नानांच्या त्या उठून बसण्याने झालं. पुढे कितीतरी दिवस कोणी खाटेवरून धसकन उठला, की घरातली माणसं म्हणत, "उठलात? आता मेलात!"

पुढच्या वर्षी, नानांच्याच वाडीत पास्कू पडला. पास्कू हा माडावर चढण्यात या भागातला अव्वल माणूस. उन्हं कलत होती. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून चित्रं तपासत होतो. एक माणूस धापा टाकत आला आणि म्हणाला, "बाय हायत का? पास्कू पडला. उचलला नाय हां आमी त्याला!"

त्या शेवटच्या वाक्याने बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. त्या पळत निघाल्या; वाकडा खांदा पुढे काढून, चप्पल वाटेतच टाकून. मी मागे.

माडाखाली गर्दी होती, पण गर्दी आणि पास्कू यांच्यामध्ये मोकळी जागा होती. त्या जागेत नाना गुडघ्यांवर बसले होते, दोन्ही तळव्यांत पास्कूचं डोकं धरून. अंगावर धुवट सदरा, तोंडावर घाम. त्यांच्या भुवईवर मुंगळा चालत होता आणि ते तो झटकत नव्हते. पास्कूची बायको मारी बाजूला उभी होती. हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तिला ते पाणी पाजू दिलं नव्हतं, आणि तांब्या खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं.

"पास्कू, पायाची बोटं हलव," बाई म्हणाल्या. बोटं हलली. "माझं बोट दाब." दाबलं, पण डाव्या हाताने दुबळं. "मुंग्या येतात?"

"हाताला येतात, बाय. मी मरनार काय?"

"कालवण कसलं होतं दुपारी?"

"सुकटीचं," पास्कू म्हणाला, आणि त्या अवस्थेतही म्हणाला, "खारट झालेलं."

"आता खारट म्हनतोय!" मारी रडत रडत ओरडली. "जेवताना दोनदा घेतलंन!"

बाईंनी डोकं तसूभर न हलवता मानेखालून बोट सरकवत नेलं. एका जागी बोट थांबलं. मला जवळ बोलावून त्या हळूच म्हणाल्या, "इथे पायरी आहे. पाचव्याच्या खाली. एक मणका पुढे सरकलाय. दोर अगदी थोडा शिल्लक असेल. एक धक्का, आणि खलास." मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मुंबईला न्यायचा. बैलगाडी नको, टांगा नको. खांद्यावरून स्टेशनपर्यंत."

होळीपासून वसई रोड स्टेशन काही जवळ नाही. नानांच्या घराचं दर्शनी दार बिजागऱ्यांसकट निघालं; गोठ्याचं दार आणू का, असं कोणी विचारलं तर नाना म्हणाले, "ते डुगडुगतं." पिशव्या लागल्या, पंचा बांधला गेला. नाना म्हणाले, "मी एक-दोन-तीन म्हणतो." सगळे थांबले. त्यांनी म्हटल्यावरच पास्कू अलगद वळला, दार खाली सरकलं, आणि तो त्यावर आला.

वाट आठवते ती पावलांच्या आवाजाने. बाजारातून परतणाऱ्या बाया टोपल्या उतरवून बाजूला उभ्या राहात. खांदा दुखला की नवा माणूस कोणी न सांगता आत शिरे. तेली, भंडारी, मच्छीमार, पाववाला, आमच्या शाळेचा शिपाई. नाना उलटे चालत होते. डोकं सोडायला तयार नव्हते. बाई त्यांच्या पाठीला हात लावून खड्डा आला की सांगत होत्या. मारी जपमाळ ओढत बाजूने चालत होती, आणि मध्येच थांबून पास्कूला दरडावत होती, "मान हालवू नको हां! सांगून ठेवते!"

स्टेशनवर प्रश्न निघाला तो दाराचा. माणूस जाईल, पण एवढं दार डब्यात कसं घ्यायचं? गार्ड उतरून आला, त्याने पास्कूकडे बघितलं, बाईंच्या अनवाणी पायांकडे बघितलं, आणि आपला डबा उघडून दिला. दार आत जाईपर्यंत त्याने हिरवं निशाण काखेतून काढलंच नाही. गाडी सुटली तेव्हा आत बाई खाली बसल्या होत्या, गुडघे पास्कूच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना लावून. नाना फलाटावर उभे होते. त्यांचे तळवे अजून तसेच, वाडगा धरल्यासारखे.

मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो काढला. बाईंचं बोट जिथे थांबलं होतं तिथेच मणका सरकलेला होता. वजनं लावून तो जागेवर आणला, मग छातीपर्यंत प्लास्टर. कित्येक महिन्यांनी पास्कू परतला तो आपल्या पायांनी चालत. डाव्या हाताची पकड थोडी कमी झाली होती आणि माडावर चढणं कायमचं बंद. नानांनी त्याला रहाटावर ठेवून घेतलं. परतल्यावरही काही दिवस प्लास्टर होतंच; त्यामुळे त्याला नकारार्थी मान हलवता येत नसे, आणि मारीने त्या काळात त्याच्याकडून घराची कौलं बदलून घेण्यापासून मेव्हण्याशी समेट करण्यापर्यंत सगळ्याला होकार मिळवला. "याला असंच राहू द्या ना आनखी थोडं," असं तिने बाईंना खरोखर विचारलं होतं.

बाई मुंबईहून परतल्या त्या दिवशी त्यांनी दवाखाना उघडला नाही. संध्याकाळी, माडावरून पडलेल्या आपल्या भावाला कधीकाळी ज्याने टांग्यात घातलं होतं, तो माणूस येऊन त्यांच्या पायरीवर बसला. पास्कूला उचलणाऱ्यांत तोही होता. त्याला सगळं केव्हाच उमगलं असावं. दोघं बराच वेळ बोलत होती. मी भिंतीपलीकडे होतो, ऐकू येत नव्हतं. फक्त शेवटी दोघांनी चहा प्यायल्याचे बशीचे आवाज आले.

पुढे माझी बदली झाली आणि मी वसई सोडली. मध्ये काही वर्षं गेली. बाईंची स्वतःची पाठ बिघडल्याचं कानावर येत होतं. बाक वाढला होता, रात्री झोप लागत नव्हती. एका नाताळच्या सुट्टीत मी मुद्दाम भेटायला गेलो. मनाची तयारी करून गेलो होतो, की बाई खाटेवर असतील. दवाखान्याला कुलूप होतं. समोरचा दुकानदार म्हणाला, "बाई ना? अर्नाळ्याला गेल्या. समुद्रावर. रोज दुपारी जातात."

मी अर्नाळ्याला गेलो. भरती लागत होती. किनाऱ्याजवळ, कमरेएवढ्या पाण्यात एक धिप्पाड कोळीण उभी होती आणि तिच्या पुढ्यात पाण्यावर उताण्या पडलेल्या होत्या आमच्या बाई. चष्मा नाही, पिकलेले केस पाण्यात पसरलेले, कोळणीचंच एक लुगडं नेसलेल्या. कोळणीचा हात त्यांच्या पाठीखाली होता. पंचावन्नाव्या वर्षी बाई पोहायला शिकत होत्या.

मी हाक मारली. त्यांनी डोळे न उघडताच आवाज ओळखला.

"मास्तर! या, या! काय सांगू तुम्हांला! पाठीवर वजनच नाही हो! जन्माला आल्यापासून पहिल्यांदा माझे मणके रिकामे आहेत. सगळे सुटे. एकेक कळतोय मला. हा पाचवा, हा सहावा... इतकी वर्षं लोकांचे मोजले, आज माझे मोजतेय!" आणि मग घाईघाईने, "ए बाई, हात काढू नकोस हं! सांगते. अजून नको काढूस!"

"नाय काढत," कोळीण म्हणाली, आणि माझ्याकडे बघून दोन्ही मोकळे हात वर करून दाखवत मिस्कील हसली.